लहान मुलांबरोबर वसंताचं स्वागत: पालवी फुटण्याआधीच सुरुवात करा

वसंत आला हे मोठ्यांना पटकन कळतं, कारण त्यांनी आधीचे कितीतरी वसंत पाहिलेले असतात. तीन वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. त्याला बहरलेल्या झाडाखाली नेऊन उभं केलं, तर हे झाड कायम असंच असतं असं त्याला वाटलं तर नवल नाही. बदल दिसायचा तर आधीचं रूप डोळ्यांखालून गेलेलं असावं लागतं. म्हणून माझा आग्रह असा, की फुलं दिसल्यावर तयारीला लागू नका. दोन-तीन आठवडे आधी, फांद्या अजून उघड्या किंवा जुन्या पानांनी मरगळलेल्या असतानाच सुरू करा. आणि दहा ठिकाणी हिंडण्यापेक्षा एकाच जागी पुन्हा पुन्हा जा.

इथे दिलेल्या गोष्टी साधारण दोन ते सहा वर्षांच्या मुलांना जमतील अशा आहेत. उत्तर गोलार्धात २० मार्चच्या सुमारास वसंतसंपात होतो, दक्षिण गोलार्धात २२-२३ सप्टेंबरला. त्या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी असतात. झाडं मात्र तारीख पाहून पालवत नाहीत. थंड प्रदेशात महिनोन्‌महिने उघड्या राहिलेल्या फांद्यांवर कळ्या सुटतात, तर उष्ण प्रदेशात कितीतरी झाडांची पानगळ आणि पालवी एकमेकांच्या पाठोपाठच येते. तेव्हा कॅलेंडरपेक्षा आपल्या दारातल्या झाडावर भरवसा ठेवा.

पहिली पायरी: आपलं झाड निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचं बरंचसं याच झाडाभोवती फिरणार आहे.

झाड रोजच्या वाटेवरचं असावं. मुद्दाम गाडी काढून जावं लागलं, तर दुसऱ्या आठवड्यातच खंड पडतो. निदान एक डहाळी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी, किंवा कडेवर घेतल्यावर हाताला लागेल अशी. पानझडीचं झाड असेल तर उत्तम, कारण त्याच्यावरचा बदल ठळक दिसतो. काटे, हाताला चिकटणारा चीक किंवा विषारी फळं असलेलं झाड टाळा. अशी दोन-तीन झाडं तुम्ही आधी हेरून ठेवा आणि त्यांतलं एक मुलाला निवडू द्या. निवड त्याची असली की झाडही त्याचं होतं. नाव ठेवायचं असेल तर तेही त्यालाच ठेवू द्या, मग ते कितीही अजब असो.

पहिल्या भेटीत फक्त ओळख. खोडाला मिठी मारून हात पुरतात का पाहायचं. सालीवर कागद धरून मेणाचा खडू आडवा घासायचा, म्हणजे सालीची नक्षी कागदावर उतरते. मग एक डहाळी ठरवा आणि तिला मऊ कापडाची पट्टी सैल बांधा. घट्ट बांधू नका. वाढणाऱ्या डहाळीला ती काचते. आता दर भेटीत हीच डहाळी बघायची.

कळ्यांकडे नीट लक्ष द्या. थंड प्रदेशातल्या पानझडी झाडांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात आणि सगळा हिवाळा मिटून राहतात. पानाची कळी म्हणजे खवल्यांच्या आत घडी घालून ठेवलेली इवली पानं. एक टपोरी कळी मोठ्यांनी ब्लेडने उभी चिरून दाखवावी. आतला तो हिरवा गुंता भिंगातून पाहताना मुलं एकदम गप्प होतात. पान अचानक कुठून आलं, हा प्रश्न मग उरत नाही. ते आतच होतं, आता बाहेर येतंय. एकच कळी कापा आणि बाकीच्या का ठेवायच्या तेही सांगा.

यानंतर आठवड्यातून दोनदा झाडाकडे जा. पालवी सुटायला लागली की जमल्यास रोज. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळमध्येही फरक पडतो. दर वेळी एकाच जागेवरून, शेजारी मुलाचं बोट धरून फोटो काढा. बोटामुळे मोजमाप आपोआप होतं. कोवळं पान न तोडता गालाला लावून बघू द्या. बऱ्याच झाडांची नवी पानं तांबूस, जांभळट असतात. अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा तो रंग. हे रंगद्रव्य कोवळ्या पानाला कडक उन्हापासून संरक्षण देतं असं मानलं जातं. चार वर्षांच्या मुलाला एवढं पुरे: पान अजून लहान आहे, ऊन सोसायला शिकतंय.

नोंदीचा कागद

घरात दाराजवळ एक मोठा कागद लावा आणि त्यावर आठवड्यांचे चौकोन आखा. मुलाने प्रत्येक भेटीनंतर त्यात काहीही करावं: ठिपका, रेघोट्या, खाली पडलेलं पान चिकटवणं. चित्र सुधारू नका. तारीख तेवढी तुम्ही लिहा, आणि मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत एका ओळीत लिहा.

हा पोरखेळ नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम या गृहस्थांनी १७३६ पासून पहिलं पान, पहिलं फूल, पहिल्या पक्ष्याची हाक अशा वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने ती वही विसाव्या शतकापर्यंत चालू ठेवली. जपानमधल्या क्योतो शहरातल्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर बाराशे वर्षांहून जुन्या आहेत. हवामान कसं बदलत गेलं हे समजून घ्यायला संशोधक आज अशा नोंदी वापरतात. तुमच्या दाराजवळचा कागद याच कुळातला आहे.

दुसरी पायरी: पाय मुलाचे, वेग मुलाचा

फेरफटका पंधरा-वीस मिनिटांचा पुरे. दोन वर्षांचं मूल तेवढ्या वेळात फार तर पन्नास पावलं जाईल, कारण वाटेत मुंगळा भेटेल, खड्डा भेटेल. हरकत नाही, पोहोचायचं कुठेच नाहीये.

निघण्याआधी एकच नियम सांगा: खाली पडलेलं घ्यायचं, झाडावरचं झाडालाच ठेवायचं. मग मनगटाला कागदी चिकटपट्टी उलटी, चिकट बाजू बाहेर ठेवून सैलसर गुंडाळा. वाटेत सापडलेल्या पाकळ्या, पानांचे तुकडे, पिसासारखं उडणारं बी, सगळं त्यावर चिकटत जातं आणि घरी येईपर्यंत कडं तयार होतं. हात मोकळे राहतात, आणि खिशातून चुरा काढावा लागत नाही.

थोड्या मोठ्या मुलांसाठी हिरव्याचा खेळ घ्या. जाड कागदावर हिरव्या रंगाच्या पाच-सहा छटा रंगवा, पोपटीपासून काळपट हिरव्यापर्यंत, आणि त्या छटेचं पान शोधायला सांगा. सापडलं की कागद पानाशेजारी धरायचा. नवं पान आणि जुनं पान यांतला फरक मुलं या खेळात स्वतःच पकडतात. दुसरा खेळ आवाजांचा: खाली बसून डोळे मिटायचे आणि नवा आवाज आला की एक बोट उघडायचं. हा पहाटे किंवा सकाळी लवकर खेळा. विणीच्या हंगामात नर पक्षी जोडीदारासाठी आणि आपली हद्द सांगण्यासाठी गातात, आणि त्यांचा जोर सूर्योदयाच्या आगेमागे सर्वात जास्त असतो.

मोठ्यांनी कमी बोलावं हे इथे कळकळीने सांगावंसं वाटतं. "हे काय आहे? याचा रंग कोणता?" असा मारा सुरू झाला की फेरफटक्याची परीक्षा होते. त्यापेक्षा "अरे, इथे काहीतरी झालंय वाटतं," एवढं म्हणून उकिडवं बसावं. मूल येतंच. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर "मलाही नाही माहीत, बघूया चल," हे उत्तर अगदी योग्य आहे.

तिसरी पायरी: बी पेरण्याआधी बी व्हा

पेरणीच्या आदल्या दिवशी हा खेळ खेळा. मूल गुडघे पोटाशी घेऊन चादरीखाली गुडूप होतं. तुम्ही त्याच्या पाठीवर बोटांनी पाऊस पाडता, मग तळहाताची ऊब देता. आधी एक पाय हळूच बाहेर येतो, ते मूळ. मग हात वर, तो कोंब. मग दोन्ही पंजे उघडतात, ती पानं. क्रम मुद्दाम हाच ठेवा, कारण खरं बीही आधी मूळ धरतं आणि मग वर येतं. मूल हे अंगाने एकदा करून बसलं की बरणीत घडणारं ते लगेच ओळखतं.

बरणीसाठी घेवडा किंवा वाटाण्यासारखं मोठं बी घ्या. रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी कोरडं बी शेजारी ठेवून दोन्ही हाताळू द्या. भिजलेल्याची साल सोलून दोन डाळिंब्या उघडल्या की मधे चिमुकला अंकुर दिसतो. आता काचेच्या बरणीत आतून टीपकागद किंवा जाड पेपर नॅपकिन गोल लावा, मधल्या जागेत कापूस भरा, आणि काच व कागद यांच्या मधे बिया अर्ध्या उंचीवर सरकवा. तळाशी एक-दोन सेंटीमीटर पाणी घाला. कागद ते वर ओढून घेतो. बिया पाण्यात बुडू देऊ नका. त्यांनाही प्राणवायू लागतो, बुडाल्या की कुजतात. उबदार जागी दोन ते चार दिवसांत मूळ फुटतं, आठवड्याभरात कोंब वर येतो.

मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की बरणी आडवी करून ठेवा. त्याआधी तळाचं जास्तीचं पाणी काढून टाका आणि कागद ओला राहील एवढं बघा. एक-दोन दिवसांत मूळ वळून पुन्हा जमिनीकडे जातं आणि कोंब वर वळतो. अंधारातही वर आणि खाली कुठे आहे हे झाडाला गुरुत्वाकर्षणामुळे कळतं. दुसरा प्रयोग उजेडाचा: कोंब आलेली छोटी कुंडी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि खोक्याला एका बाजूला भोक पाडा. कोंब भोकाकडे झुकतो. दोन्ही प्रयोग एकाच आठवड्यात करू नका, मुलांची गल्लत होते.

एक गोष्ट हमखास होते: मूल रोज बी उकरून बघतं. त्याला रागावू नका, त्याच्यासाठी वेगळी सोय करा. एका वाटीत माती आणि चार बिया द्या, या 'उकरून बघायच्या बिया'. बाकीच्यांना हात लावायचा नाही. पाण्याचंही तसंच. मुलांना पाणी घालायला इतकं आवडतं की रोपं बुडून मरतात. रोपासाठी झाकणाला बारीक भोकं पाडलेली छोटी बाटली ठेवा, ती दिवसातून एकदाच भरायची. शेजारी नुसत्या मातीची एक मोठी कुंडी किंवा टब ठेवा, त्यात हवं तेवढं ओता, खणा, चिखल करा. माझ्या मते ही रिकामी कुंडी रोपाच्या कुंडीइतकीच महत्त्वाची आहे. जुने डबे, डाव, गाळणी, मोडके चमचे दिले की तास-तास खेळ चालतो आणि त्यात मोठ्यांना काही शिकवावं लागत नाही.

रोप मातीत हलवताना शक्यतो प्रत्येक मुलाला स्वतःची जागा द्या, वीतभर असली तरी चालेल. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहानग्यांसाठी सुरू केलेल्या संस्थेतून बालवाडीची कल्पना जगभर पसरली. त्यांच्या बागेच्या आराखड्यात प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा असे आणि भोवती सगळ्यांचा सामायिक वाफा. भावंडं असतील तर हा बेत आजही चोख चालतो.

चौथी पायरी: पाहुण्यांची सोय

पक्ष्यांसाठी पसरट भांडं घ्या, दोन ते पाच सेंटीमीटर खोल. मधे एक-दोन खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्यांना आणि मधमाश्यांना टेकायला जागा होते. पाणी रोज बदला आणि भांडं घासा. साचलेल्या पाण्यात डास वाढतात आणि घाण पाण्यातून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात. पाणी बदलण्याचं काम मुलाकडे द्या. तीन वर्षांच्या मुलाला ते झेपतं आणि ते ऐटीत करतं.

घरटं बांधण्याचा खेळ मला सगळ्यात आवडतो. सुक्या काड्या, गवत, पानं, थोडा चिखल जमवा आणि वाटीएवढं घरटं बांधायला सांगा, पण फक्त अंगठा आणि एक बोट वापरून, चोच असल्यासारखं. मोठ्यांनीही सोबत बांधावं. दहा मिनिटांत सगळे वैतागतात, आणि त्यानंतर फांदीवरचं खरं घरटं दिसलं की त्याच्याकडे बघण्याची नजरच बदललेली असते. पक्ष्यांना न्यायला म्हणून अंगणात सुकं गवत आणि बारीक काड्या ठेवायला हरकत नाही. लांब दोरे, लोकर, केस मात्र ठेवू नका, पिल्लांच्या पायांना फास बसतो. खऱ्या घरट्याजवळ जायचं नाही, लांबूनच बघायचं. आपण घुटमळत राहिलो तर आई-बाप पक्षी पिल्लांना भरवायला येत नाहीत.

किडे-मुंग्या पाहताना भिंग पुरेसं आहे. हातात घ्यायचंच असेल तर गांडूळ घ्या, हात ओले करून, दोन मिनिटांसाठी, आणि लगेच ओल्या मातीत सोडा. केसाळ अळीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी पक्कं करा. फुलावर मधमाशी असेल तर हात मागे बांधून स्थिर उभं राहायचं. पायांना चिकटलेले परागकणांचे पिवळे गोळे दिसतात. अळ्या घरी आणून वाढवायच्या का, असं पालक विचारतात. मी नको म्हणेन. अळीला विशिष्ट झाडाचीच ताजी पानं लागतात आणि एका सुट्टीत तिची उपासमार होते. झाडावरच तिची जागा लक्षात ठेवा आणि रोज किती पान खाल्लं ते बघा.

अंगण नसेल तर

एक खिडकी पुरते. खिडकीतून येणारा उन्हाचा चौकोन भिंतीवर किंवा जमिनीवर जिथे पडतो, तिथे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या एकाच वेळी त्याच्या कडेला खडूने खूण करा. चौकोन सरकत जातो, कारण सूर्याचा आकाशातला मार्ग बदलतोय, आणि हा बदल संपाताच्या सुमारास सर्वात वेगाने होतो. कुंडी, बरणी, पाण्याचं भांडं हे सगळं खिडकीत बसतं. तरी रोज बाहेर पडाच. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं तरी दमवणारी असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. ते चार भिंतींत साधणं कठीण जातं.

काळजी कशाची घ्यायची

कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, एरंडाच्या बिया, गुंजा, ही सगळी विषारी आहेत आणि मुलांना भुरळ घालतील इतकी सुंदर आहेत. मोठ्यांनी ती ओळखायला शिकावं आणि मुलांना सरसकट नियम द्यावा: बाहेरचं काहीही विचारल्याशिवाय तोंडात नाही. मुलाने असं काही खाल्ल्याची शंका आली तर त्रास व्हायची वाट पाहू नका. त्या झाडाची डहाळी किंवा बी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सुट्या बिया देऊन आत जाऊ नका. घशात अडकण्याचा धोका आहेच, पण नाकात घातलेलं कोरडं बी ओलाव्याने फुगतं आणि मग ते काढणं अवघड होतं. माती खेळून झाली की साबणाने हात धुवायचे. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, ते पाहा. सतत शिंका, डोळे चोळणं असं होत असेल तर परागकणांची ॲलर्जी असू शकते. रंगीत फुलांना दोष देण्याआधी वाऱ्यावर पराग सोडणारी गवतं आणि झाडं जवळ आहेत का बघा, कारण हवेत उडणारे हलके पराग बहुतेक त्यांचेच असतात.

पडलेलं पिल्लू

हे कधीतरी घडणारच, म्हणून आधीच ठरवून ठेवा. जमिनीवरच्या पिल्लाला पिसं आलेली असतील आणि ते टुणटुण उडत असेल, तर ते उडायला शिकतंय आणि आई-बाप जवळच आहेत. मांजर-कुत्रं हाकला आणि दूर व्हा. फार तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा. पिसं नसलेलं उघडं पिल्लू असेल आणि घरटं हाताला लागत असेल तर परत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत.

पिल्लू मेलेलं असेल तर मुलाला "झोपलंय" असं सांगू नका. लहान मूल ते शब्दशः घेतं आणि रात्री झोपायला घाबरू शकतं. "ते मेलंय. आता ते हलणार नाही, त्याला दुखत नाही," असं साध्या आवाजात सांगा. उघड्या हातांनी शिवू नका; कागदाने उचलून मातीत पुरा आणि मुलाला वर पान ठेवायचं असेल तर ठेवू द्या. पुढचे काही दिवस तेच प्रश्न पुन्हा येतील. दर वेळी तेच उत्तर द्या.

आवरायचं कधी

पानं पूर्ण आकाराची होऊन गडद झाली की झाडावरचा बदल मंदावतो आणि मुलाचं लक्षही दुसरीकडे वळतं. तेव्हा ओढून-ताणून चालू ठेवू नका. डहाळीची पट्टी सोडा, फोटो एकाखाली एक लावून मुलाबरोबर एकदा बघा, कागदावरून पहिलं पान दिसलेली तारीख शोधा. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या तीन आठवडे आधी झाडाचं नाव लिहून ठेवा.